वजन किती आणि काउंट किती?

शेवंती | ५ जानेवारी, रात्री १०:४०

मंडळी, नोव्हेंबरपासून जिमला जातेय. वय ४७, वजन ६१ किलो, मुक्काम नाशिक. आयुष्यात पहिल्यांदा व्यायामशाळेची पायरी चढले, त्यामागे कारण आहे. गेल्या पावसाळ्यात आई मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलंही. पण हात न टेकता खुर्चीतून उठणं तिला पुन्हा जमलं नाही. डॉक्टर म्हणाले, मांड्यांत ताकदच उरली नाहीये. रात्री तिचे पाय चेपताना कातडीखाली सरळ हाडच हाताला लागतं. तेव्हाच ठरवलं, माझ्या मुलीवर ही वेळ येऊ द्यायची नाही.

जिम बरी आहे, ट्रेनर मुलगा नम्र आहे. पण दोन महिने झाले, माझ्या प्रत्येक मशीनची खिट्टी वजनाच्या तिसऱ्या पाटीवर आणि प्रत्येक व्यायामाला "ताई, पंधरा काउंट, तीन सेट." म्हणजे सलग पंधरा वेळा करायचं, थांबायचं, असं तीनदा. डंबेल अडीच किलोचं. शेजारी बावीस वर्षांची मुलगी असते, तिलाही तेच. साठीच्या एक काकू येतात, त्यांनाही तेच. पंधरा होतात, मी डंबेल खाली ठेवते, श्वाससुद्धा वाढलेला नसतो. बाजारातून दोन पिशव्या घेऊन मी तीन जिने चढते, त्या याहून नक्की जड असतात.

भाचा म्हणतो, "मावशी, पाचच्या वर काउंट मारायचाच नाही, जड उचल." त्याचा मित्र म्हणतो बारा. मैत्रीण म्हणते बायकांनी वीस मारावेत, जड उचललं की अंग पुरुषी होतं.

मला आकडा नको, पद्धत हवी. किती वजन घ्यायचं आणि ते किती वेळा उचलायचं हे ठरवतात कसं?

चातक | ५ जानेवारी, रात्री ११:०२

माझाही हाच प्रश्न. वाचनखूण साठवली.

लोखंडी_चणे | ६ जानेवारी, सकाळी ६:१५

शेवंतीताई, बारा वर्षं लोखंडात घालवली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या ट्रेनरने वजनही ठरवून टाकलं आणि काउंटही. मग तुमची ताकद त्या हिशेबात आली कुठे? दोन्हींपैकी एकच गोष्ट आपण ठरवायची, दुसरी शरीराला ठरवू द्यायची. काउंट आपण ठरवायचा आणि वजन शोधायचं.

सुरुवातीला ८ ते १२ हा पट्टा धरा. एक हलका सेट करून अंग गरम करा. मग ५ किलोचं डंबेल छातीशी उभं धरून बैठका मारा. बारा झाल्या की थांबा आणि स्वतःला विचारा, आणखी किती निघाल्या असत्या? उत्तर 'आठ-दहा' आलं तर वजन हलकं. 'दोन, फार तर तीन' आलं तर ते तुमचं वजन. आठ होण्याआधीच कंबर वाकायला लागली, टाचा उचलल्या गेल्या, तर जड. सगळा खेळ या शिल्लकेचा आहे. अडीच किलोच्या पंधरात तुमच्याकडे पंचवीस शिल्लक राहत असतील, तर स्नायूला बदलायचं काही कारणच मिळत नाही.

आता शिल्लक ओळखायची कशी? पहिल्या सहा-सात एका लयीत जातात. मग एक अशी येते की वर येताना मध्यावर रेंगाळते. तुम्ही तेवढाच जोर लावताय, पण वेग कमी झालाय. तिथून पुढे साधारण तीन-चार उरलेल्या असतात. मांडी पेटली म्हणजे संपलं असं नाही. आग होणं वेगळं आणि वेग पडणं वेगळं. नवीन माणसाचा अंदाज जवळपास नेहमी चुकतो, दोन उरल्या म्हणतो तेव्हा पाच उरलेल्या असतात. म्हणून महिन्यातून एकदा लेग प्रेस (बसून पायांनी वजन ढकलणं) किंवा लॅट पुलडाऊन (वरचा दांडा छातीकडे ओढणं) अशा मशीनवर, जिथे वजन अंगावर पडत नाही तिथे, शेवटचा सेट खरोखर निघेनासा होईपर्यंत करून बघा. आपला अंदाज किती खोटा होता ते कळतं.

तिन्ही सेटला बारा झाले की पुढच्या खेपेला वजन एक पायरी वर. काउंट आपोआप आठ-नऊवर येईल. तिथून पुन्हा बाराकडे चालत जायचं. दोन सेटमध्ये दोन मिनिटं बसा. आणि एक वही घ्या, दोनशे पानी, शाळेची. मोबाईलमध्ये लिहायला गेलात की निरोप वाचत बसाल.

अबोली | ६ जानेवारी, सकाळी ८:५०

लोखंडी_चणे, सुरेख प्रतिसाद. "आग होणं वेगळं आणि वेग पडणं वेगळं" हे मी आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

शेवंती, मैत्रिणीला सांग, मी चार वर्षं जड उचलतेय आणि अजून तेच ब्लाउज घालते. खांदे सरळ झाले तेवढेच.

तालीमकर | ६ जानेवारी, दुपारी १:२०

माझं मत वेगळं आहे आणि ते राग न धरता ऐकून घ्या. मी कोल्हापूरचा, वयाच्या अकराव्या वर्षापासून तांबड्या मातीत. आमच्या वस्तादांनी कधी कुणाला "किती शिल्लक?" विचारलं नाही. पहाटे साडेचारला जोर सुरू व्हायचे ते अंगाखालची माती ओली होईपर्यंत. पाचशे बैठका मारणारी पोरं डोळ्यांनी बघितली आहेत. त्यांच्या मांड्या बघितल्यात का? कुणी लेग प्रेस केली होती? शरीराचं वजन हेच वजन आणि संख्या हाच वाढावा. दुखापती नव्हत्या, फी नव्हती, आरसे नव्हते.

ताईंनी रोज दहा बैठकांपासून सुरुवात करावी, रोज एक वाढवावी. तीन महिन्यांत शंभरला पोचतील.

लोखंडी_चणे | ६ जानेवारी, रात्री ९:०५

तालीमकर, तुमच्या मातीला नमस्कार. माझे आजोबा सातारकडचे, त्यांच्या तालमीतली दगडी गदा आजही आमच्या पडवीत उभी आहे.

पण तीच गदा तुमच्या मताच्या विरोधात साक्ष देते. संख्या वाढवूनच भागलं असतं, तर लाकडी करेला, म्हणजे मुदगल, त्याच्या जोडीला दगडी गदा आली कशाला? जोडीदाराला मानेवर बसवून बैठका का मारल्या? लहान पोराला मुदगलांची हलकी जोडी आणि थोरल्याला भारी जोडी का? वस्ताद तोंडाने शिल्लक विचारत नव्हते, ते बघून ओळखत होते. जोर मारताना पोराची कंबर खचायला लागली की "बस कर" म्हणणारे वस्ताद तुम्हीही बघितले असतील.

शिवाय पाचशे बैठकांनी दम वाढतो. कुस्तीला दम लागतोच. पण ज्याच्या शंभर सहज होतात त्याची एकशे एकावी बैठक ताकद फारशी वाढवत नाही. ताईंना आईसारखं व्हायचं नाहीये, म्हणजे त्यांना खुर्चीतून एकदाच, पण जोराने उठता यायला हवं.

तालीमकर | ६ जानेवारी, रात्री ९:४०

मानेवर जोडीदार बसवायचो हे खरं. मी स्वतः बसवलाय. हा मुद्दा मान्य. बाकीचं उद्या.

सांधेजोड | ७ जानेवारी, सकाळी ११:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वीस वर्षं गुडघे आणि खुबे हाताळते. शेवंती, तुझ्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. अशी माणसं रोज माझ्यासमोर खुर्चीत बसलेली असतात.

तीन सेट आणि दहा काउंट ही जोडी मुळात रुग्णालयातून आली आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसेल. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. गुडघ्याच्या दुखापतींचे सैनिक महिनोन्महिने पडून असत, कारण तेव्हाची रीत हलकं वजन पुष्कळदा हलवण्याची होती. हा स्वतः लोखंड उचलणारा. त्याने उलट केलं, जड वजन आणि थोडे काउंट. १९४५ साली त्याने ते प्रसिद्ध केलं. आधी तो दहा-दहाचे सात ते दहा सेट करून घ्यायचा. पुढे सहकारी वॉटकिन्सबरोबर काम करताना एवढे सेट लागत नाहीत असं दिसलं आणि ते तीनवर आले. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं ते शोधायचं, पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊण वजनाने, तिसरा पूर्ण वजनाने. म्हणजे आज जिमच्या भिंतीवर '३ × १०' लिहिलेलं असतं, त्यातला 'जेमतेम दहा' हा शब्दच वाटेत गळून पडला!

वयाची भीती वाटत असेल तर दोन अभ्यास सांगते. १९९० साली बोस्टनकडच्या संशोधकांनी वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना मांडीचा व्यायाम दिला, आठ आठवडे. वजन त्यांच्या कमाल ताकदीच्या (जे जेमतेम एकदाच उचलता येतं त्या वजनाच्या) निम्म्यापासून सुरू करून ८० टक्क्यांवर नेलं. एकाने मध्येच सोडलं, उरलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दुसरा ऑस्ट्रेलियातला, पाळी थांबलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या शंभर बायकांवरचा. अर्ध्या जणींनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, कमाल ताकदीच्या ८५ टक्क्यांहून जड वजन, पाच काउंटचे पाच सेट, असं आठ महिने केलं. मणक्याच्या आणि खुब्याच्या हाडाची घनता सुधारली. उरलेल्या अर्ध्या घरी हलका व्यायाम करत होत्या, त्यांना तो फायदा दिसला नाही.

मात्र हे आठ महिने देखरेखीखाली होते आणि पहिला महिना फक्त हालचाल शिकण्यात गेला. भाच्याचं 'पाच काउंट' चूक नाही, पण ते दुसऱ्या इयत्तेचं पुस्तक आहे. आत्ता ८ ते १२, चार-सहा महिन्यांनी मोठ्या व्यायामांना ५ ते ८.

अपूर्णांक | ७ जानेवारी, दुपारी ४:१०

थोडं गणित घालतो. कमाल वजन उचलून बघायची गरज नाही, एप्लीचं सूत्र वापरा. उचललेलं वजन × (१ + काउंट ÷ ३०). समजा तुम्ही ३० किलो जेमतेम १० वेळा उचललंत. १० ÷ ३० म्हणजे ०.३३, म्हणून कमाल साधारण ४० किलो. आता ७० टक्क्यांनी काम करायचं तर २८ किलो. सगळं कागदावर निघतं.

सांधेजोड | ७ जानेवारी, संध्याकाळी ६:००

अपूर्णांक, दहा काउंटपर्यंत ते ठीक चालतं. त्यापुढे ढासळतं. लेग प्रेसला पंचवीस काउंट मारून सूत्रात घातलंत तर असा आकडा येईल की तो उचलायला गेलेला माणूस मला भेटायला येईल. आणि माणसा-माणसात फरक असतो. ७० टक्क्यांवर एकाचे अकरा निघतात, दुसऱ्याचे सतरा. मांडीचं आणि दंडाचंही एकाच माणसात वेगळं. म्हणून टक्केवारीने सुरुवात करावी आणि शिल्लकेने दुरुस्ती करावी.

अपूर्णांक | ७ जानेवारी, संध्याकाळी ६:१५

मान्य. मीही शेवटी वजनाच्या दांडीला पाट्या लावताना दोन-अडीच किलो इकडे-तिकडे करतोच.

खारी_बिस्किट | ७ जानेवारी, रात्री ८:३०

आमच्याकडे कमाल वजन मोजायचं एकच माप, भरलेला सिलिंडर. आत १४.२ किलो गॅस, वर लोखंडाचं वजन, सगळं मिळून तीस किलोच्या आसपास. तो दारातून स्वयंपाकघरापर्यंत जी नेते तिला अडीच किलोचं गुलाबी डंबेल देणाऱ्याला सिलिंडर उचलायला लावा! :)

चातक | ७ जानेवारी, रात्री ८:४५

=)) आणि वीस लिटरचा पाण्याचा जार उलटा करून ठेवणं? ते तर सरळ ऑलिंपिकमध्ये घ्यायला हवं.

सकाळची_बॅच | ८ जानेवारी, दुपारी ३:२०

मी ट्रेनर आहे. सगळ्यांनी ट्रेनरला धरलंय म्हणून लिहितो.

सकाळी सहा ते नऊ माझ्यापुढे एका वेळी वीस-बावीस माणसं असतात. नवीन माणूस आला की त्याला बसता येत नाही, वाकता येत नाही, खांदे कानाला लागलेले. त्याला मी हलकं आणि पंधरा देतो, कारण त्याला त्या हालचालीचा सराव हवा असतो. पंधरा वेळा केलं की निदान पाच तरी नीट होतात. स्नायू लवकर तयार होतात, स्नायुबंधांना जास्त वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात जड दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता आला नाही, तर तिसऱ्या दिवशी तो येतच नाही. फी भरून गायब झालेली माणसं मी शेकड्याने बघितली आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

पण तीन-चार आठवड्यांनंतरही तेच चालू असेल तर चूक आमची, हे मी मान्य करतो. गर्दीत राहून जातं.

एक उपाय सांगतो. ताई, ट्रेनरला "वजन वाढवू का?" असं विचारू नका, तो घाईत "चालू दे" म्हणेल. त्याला म्हणा, "माझा शेवटचा सेट बघायला उभा राहा." मी बघायला उभा राहिलो की काउंट मोजत नाही. डंबेल धरलेल्या बोटांकडे बघतो, पांढरी पडतात का. मानेची शीर ताठते का. बैठकीत गुडघे आत पडतात का. यातलं काही होत नसेल तर मी स्वतःच पुढचं डंबेल आणून देतो.

शेवंती | ८ जानेवारी, रात्री १०:१०

सकाळची_बॅच, मनापासून आभार. ही बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती. उद्या तसंच म्हणते.

सगळ्यांना एक अडचण विचारते. आमच्याकडे डंबेल ५ नंतर थेट ७.५ आणि मग १०. खांद्यावरून वर ढकलायच्या व्यायामात ५ चे बारा होतात, ७.५ चे तीनच. मध्ये काय करू?

अबोली | ८ जानेवारी, रात्री १०:३५

ही बायकांची कायमची रड आहे! पुरुष तीसवरून साडेबत्तीसवर जातो, जेमतेम बारावा हिस्सा वाढतो. आपण पाचवरून साडेसातवर जातो म्हणजे थेट दीडपट. पायरी एकच, पण आपल्यासाठी ती सहापट उंच.

मी काय केलं सांगते. मनगटाला बांधायचे अर्ध्या-अर्ध्या किलोचे पट्टे घेतले. ५ चं डंबेल आणि पट्टा म्हणजे साडेपाच. दोन पट्टे म्हणजे सहा. पट्टे नसतील तर ५ नेच काउंट वाढव, १२ ऐवजी १६-१८ पर्यंत जा, मग ७.५ चे पाच-सहा निघतील. किंवा पहिला सेट ७.५ चा, जेवढे निघतील तेवढे, मग दोन सेट ५ चे. मला शेवटचा उपाय जास्त लागू पडला. तीनचे चार व्हायला नऊ दिवस लागले, चारचे सहा झाले ते मात्र पटापट.

दिगू_डेट्रॉईट | ९ जानेवारी, सकाळी ७:५५

आमच्याकडे सगळं पौंडात. मोठी पाटी ४५ पौंडांची, म्हणजे २०.४ किलो. सगळ्यात लहान अडीच पौंडांची. दोन बाजूंना एक-एक लावली की सव्वादोन किलो वाढले.

माझी चूक लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पाच काउंटचे पाच सेट आणि दर खेपेला ५ पौंड वाढवायचे, असा तक्ता घेऊन सुरुवात केली. पहिले तीन महिने स्वर्ग. आठवड्याला १५ पौंड! मला वाटलं हे असंच चालत राहणार. डेडलिफ्ट (जमिनीवरून दांडी उचलून उभं राहणं) २७५ पौंडांवर आली तेव्हा चौथ्या काउंटला पाठ गोल व्हायला लागली होती. मला कळत होतं. पण तक्त्यात पाच लिहिले होते, म्हणून पाचवा ओढला. कमरेत खाली डावीकडे काहीतरी ओल्या फडक्यासारखं पिळलं गेलं. सहा आठवडे मोजे बायकोने घातले.

आता मी चौथा नीट गेला नाही तर पाचवा करत नाही, आणि पुढच्या खेपेला दहा टक्के उतरतो. त्याने दोन वर्षांत ३४० पौंडांपर्यंत आलोय, पाठ शाबूत.

कृष्णाकाठ | ९ जानेवारी, दुपारी १२:४०

दिगू, वाचून पोटात गोळा आला. काळजी घ्या.

सांगलीकर आहे म्हणून आमच्या वेटलिफ्टर संकेत सरगरची आठवण काढतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने स्नॅचला (एका झटक्यात डोक्यावर) ११३, क्लीन अँड जर्कला (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५ किलो उचलले, एकूण २४८. १३९ च्या प्रयत्नात कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्यांदा मंचावर आला. सुवर्ण एका किलोने गेलं, रौप्य मिळालं. त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी जेवलं नव्हतं. वजन असंच निवडायचं असतं, अंगावर काटा येईल असं!

लोखंडी_चणे | ९ जानेवारी, रात्री ९:२०

कृष्णाकाठ, तो सामना मीही श्वास रोखून बघितला होता. पण ती स्पर्धा होती. चार वर्षांतून एकदा येणारा दिवस, समोर पदक, तिथे तो प्रयत्न करायलाच हवा होता. सरावात हीच माणसं असं वागत नाहीत. सोव्हिएत काळात प्रिलेपिन नावाच्या प्रशिक्षकाने लिफ्टरांच्या सरावनोंदींवरून एक तक्ता तयार केला होता. तो आजही वापरतात. कमाल वजनाच्या ७० ते ८० टक्क्यांना एका सेटमध्ये ३ ते ६ काउंट, सगळे मिळून १८ च्या आसपास. ८० ते ९० ला एका वेळी २ ते ४, एकूण १५. नव्वदच्या वर गेलं की एक-दोन, आणि एकूण दहाच्या पुढे नाहीच. सरावाचा बहुतेक वेळ ते अशा वजनांवर घालवतात जी खात्रीने वर जातात. दिगूची पाठ जिथे गेली तिथे ते पोचतच नाहीत.

निवृत्त_मास्तर | १० जानेवारी, सकाळी ५:५०

मी अडुसष्ट वर्षांचा. रक्तदाबाची गोळी चालू. जिमला जाणं होत नाही, गावात जिमच नाही. मला यातलं काय लागू?

सांधेजोड | १० जानेवारी, सकाळी १०:१५

मास्तर, सगळंच लागू, फक्त तुमचं डंबेल म्हणजे खुर्ची. आधी डॉक्टरांना विचारून घ्या. मग भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्या, हात छातीवर दुमडा आणि उठा-बसा. बारा सहज झाल्या आणि दहा शिल्लक राहिल्या, तर खुर्ची तुमच्यासाठी 'हलकी' आहे. थोडं बुटकं स्टूल घ्या, वजन वाढलं. तेही सोपं झालं की पाच किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरा. सात-आठच होत असतील तर खुर्चीवर एक उशी ठेवा, वजन कमी झालं.

रक्तदाबासाठी दोनच गोष्टी. शिल्लक तीन-चार ठेवा, शेवटपर्यंत ताणू नका. आणि काउंट मोठ्याने मोजा. जो मोठ्याने मोजतो त्याला श्वास कोंडता येत नाही.

निवृत्त_मास्तर | १० जानेवारी, सकाळी १०:४०

छत्तीस वर्षं वर्गात मोठ्यानेच पाढे म्हणून घेतले. हे जमेल.

खारी_बिस्किट | १० जानेवारी, दुपारी २:००

मास्तर _/\_

मंडळी, हे सगळं उचलायचं तर खायचं काय? माझ्या घरी मटकीची उसळ आणि ताक. प्रोटीनचा डबा घ्यावा का?

अबोली | १० जानेवारी, दुपारी २:३०

खारी, त्यावर वेगळा धागा काढ, मी येते. इथे उसळ शिरली की वजन बाहेर जाईल.

चातक | ११ जानेवारी, सकाळी ९:००

एक शंका. काही ठिकाणी वाचलं की हलक्या वजनाने तीस काउंट मारले तरी स्नायू तेवढाच वाढतो. मग जड कशाला?

लोखंडी_चणे | ११ जानेवारी, रात्री ८:४०

चातक, अर्धं खरं आहे. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले. सेट शेवटपर्यंत ताणला तर स्नायूचा आकार हलक्यानेही जवळपास तितकाच वाढतो. कमाल ताकद मात्र जड वजनानेच जास्त वाढते. आणि तीस काउंट खरोखर शेवटपर्यंत मारून बघ एकदा बैठकांचे. विसाव्यालाच मन सोडून देतं, स्नायू दमायच्या आधी. म्हणून दंड, खांद्याची बाजू, पोटरी अशा लहान जागांना १५-२० चालतात, तिथे जड घेतलं की सांधाच कुरकुरतो. बैठक, डेडलिफ्ट, छातीवरून ढकलणं, ओढणं, यांना ५ ते १०.

तालीमकर | १२ जानेवारी, सकाळी ७:१०

'बाकीचं उद्या' म्हणालो होतो, ते आज लिहितो. काल आमच्या जुन्या वस्तादांकडे गेलो होतो, आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, "पोराला किती मारायला लावायचे ते त्याच्या घामावर नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या चालण्यावर ठरवायचो. चाल बिघडली की जोर निम्मे." मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होतो आणि हे मला आत्ता कळलं.

सांधेजोड | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

तालीमकर, हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार. वस्तादांना माझा नमस्कार कळवा.

शेवंती | २ मार्च, रात्री ९:५०

धागा वर काढतेय. वही समोर घेऊन बसले आहे.

९ जानेवारीला ट्रेनरला शेवटचा सेट बघायला उभा केला. अडीच किलो छातीशी धरून बैठका. पंधराव्याला तो म्हणाला, "थांबू नका." मी एकोणचाळीसपर्यंत गेले! तो काही बोलला नाही, जाऊन साडेसातचं घेऊन आला. त्याचेही बारा झाले आणि सहा तरी शिल्लक होत्या. दहाचं घेतलं. आठवी वर येताना मध्येच रेंगाळली. लोखंडी_चणे, तुम्ही लिहिलं होतं अगदी तशी. दहाव्याला थांबले. नोंद अशी आहे: "१० किलो, १०, शिल्लक २."

१० किलोचे तिन्ही सेट बारा व्हायला बावीस दिवस लागले. मग १२.५. परवा १५ किलो घेतलं: ८, ८, ७. लेग प्रेसची खिट्टी तिसऱ्यावरून आठव्या पाटीवर. खांद्याला अबोलीची युक्ती केली, ७.५ चे तीनचे सहा झाले. मध्ये एक आठवडा आईची तपासणी, जागरणं. त्या आठवड्यात १२.५ चे सहाच निघाले, म्हणून १० वर उतरले. पुढच्या आठवड्यात परत जमलं.

आणि सांधेजोड, तुम्ही मास्तरांना सांगितलेलं मी आईला लावलं. तिच्या डॉक्टरांना विचारून, खुर्चीवर दोन उश्या ठेवून, मी समोर हात धरून. पहिल्या दिवशी तीन वेळा उठली. मोठ्याने मोजत. आज एक उशी काढली. हात न धरता पाच झाल्या, सहाव्याला मध्यावर थांबली आणि खाली बसली. तिची पण वही केली आहे. आता विचारायचं हे, की दुसरी उशी कधी काढू?

सांधेजोड | २ मार्च, रात्री १०:२०

शेवंती, फार छान! उशी इतक्यात नको काढू. एका उशीवर लागोपाठ दोन दिवस, हात न धरता, आठ-आठचे दोन सेट होऊ देत, आणि शेवटची बैठक मध्यावर न थांबता. मग दुसरी उशी काढण्याऐवजी तिच्या जागी घडी घातलेली सतरंजी ठेव. ती अर्ध्या उशीएवढीच असते. खुर्ची भिंतीला टेकलेली आणि तू समोर, हे मात्र कायम.

निवृत्त_मास्तर | ३ मार्च, सकाळी ६:०५

आईंना सांगा, मी स्टुलावर आलोय. अकरा.